उंब्रजचे रस्सेदार

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सातारा मागे पडून उसाची शिवारे दोन्ही अंगांनी रस्त्याशी सलगी करू लागली, म्हणजे प्रवाशाच्या पोटात एक सूक्ष्म आंदोलन सुरू होते. आणि त्या आंदोलनाचा लाभ घेण्यासाठी नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज अशा प्रत्येक फाट्यावर कोणी ना कोणी पत्र्याचे छप्पर, चार रंगीत दिवे आणि ‘शुद्ध शाकाहारी व मांसाहारी’ अशी एका दमात दोन प्रतिज्ञा करणारी पाटी एवढ्या भांडवलावर सज्ज होऊन बसलेला असतो. अशा प्रत्येक ढाब्याला मालक असतो, भटारखान्यात वस्ताद असतो, गल्ल्यामागे उदबत्तीच्या धुराने काळवंडलेली देवाची तसबीर असते, दारात झोपलेले आणि कोणत्याही हाडाच्या आवाजाने न उठता केवळ नळीच्या आवाजाने उठणारे एक कुत्रे असते. आणि या सर्वांच्या वर, कोणाच्याही हिशेबात न धरलेला, परंतु सर्वांना धाकात ठेवणारा असा एक परीक्षक असतो.

या परीक्षकाची नेमणूक कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध होत नाही, त्याला वेतन नसते, प्रवासभत्ता नसतो, आणि त्याच्या निर्णयावर अपील चालवणारे वरिष्ठ न्यायासनही नसते. तरीही खंबाटकीच्या घाटापासून शिरोलीच्या नाक्यापर्यंत असे एक गाव सापडणार नाही, की जिथे रस्सा कोणाचा खरा, वाटण कोणाचे ताजे, आणि कोणत्या मालकाने मुलीचे लग्न झाल्यापासून मटणात हात आखडता घेतला आहे, याचा साद्यंत इतिहास मुखोद्गत असलेला एक तरी गृहस्थ नाही. नागपुरात हा गृहस्थ सावजीचा अधिकारी असतो, मालवणात बांगड्याचा, पुण्यात मिसळीचा. उंब्रजमध्ये तो रश्श्याचा आहे. आणि सारी पंचक्रोशी त्याला तोंडावर ‘आबा’ व पाठीमागे ‘रस्सेदार’ म्हणते.

उंब्रज हे गाव अशा अधिकारी पुरुषाच्या वास्तव्याला सर्वथा अनुरूप आहे. तारळी नदी जिथे कृष्णेला मिळते तिथे ते वसले आहे. पश्चिमेला चाफळचा श्रीराम, तारळीच्याच काठी वरच्या अंगाला पालीचा खंडोबा, पूर्वेला मसूर, दक्षिणेला तासवड्याचा टोलनाका ओलांडला की कराड, आणि खुद्द गावात समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक. इतक्या देवांच्या शेजारात राहून मांसाहाराचे वेळापत्रक आखणे हे कोणाही मुत्सद्द्याची कसोटी पाहणारे काम आहे, आणि आबांनी ते अत्यंत समतोल बुद्धीने पार पाडले आहे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, एकादशी विठोबाची आणि श्रावण सर्वांचा मिळून; अशी सर्व देवांची वहिवाट मान्य केल्यावर बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे तीन दिवस निर्विवादपणे त्यांच्या वाट्याला येतात. मंगळवार मात्र वादग्रस्त क्षेत्र आहे. तो सकाळी गणपतीचा असतो, आणि संध्याकाळी कोण पाहुणा येतो त्यावर त्याचा फैसला होतो. श्रावण तोंडावर आला, की आषाढाचे शेवटचे दिवस आबा आर्थिक वर्षाच्या अखेरीस कचेऱ्या जशा शिल्लक रकमा खर्ची टाकतात तशा तत्परतेने कारणी लावतात.

देवांच्या वारी ते उपाशी राहतात असे मात्र कोणी समजू नये. त्या दिवशी त्यांचा अधिकार आख्ख्या मसुराकडे वर्ग होतो. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांनी नावारूपाला आणलेला हा पदार्थ, म्हणजे दाणा मोडू न देता शिजवलेला सालासकट मसूर, त्यावर कांदा-लसणाच्या चटणीची फोडणी, सोबत गरम रोटी, दही आणि कांदा, हा आबांच्या मते शाकाहाराने मांसाहाराला दिलेला एकमेव सन्माननीय जबाब आहे. पनीर हा शब्द ते उच्चारत नाहीत. एखाद्या पाहुण्याने तो उच्चारला, तर ते खिडकीबाहेर पाहतात आणि वाढप्याला सांगतात, ‘सायबास्नी काय पाहिजे ते आण, मी बघत न्हाय.’

अन्नाविषयी इतका व्यासंग असलेला मनुष्य देहाने विशाल असेल, अशी कल्पना कोणी करून घेतली असेल तर ती आबांना पाहताच कोसळते. ते अंगाने काटक, गालफडे बसलेली, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर कडक इस्त्रीची गांधी टोपी. सदऱ्याच्या एका खिशात पेन आणि दुसऱ्यात स्वतःचे लिंबू. ढाब्यावरची लिंबे सकाळी कापून ठेवलेली असतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांतून रसाऐवजी केवळ उद्देश निघतो, असा त्यांचा अनुभव असल्यामुळे, लिंबाच्या बाबतीत ते कोणावरही विसंबून राहत नाहीत.

त्यांचा खरा परिचय मात्र त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवरून होतो. आबा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. अव्वल कारकून हा सरकारी यंत्रणेतला असा प्राणी, की ज्याला प्रत्येक प्रकरणातले सर्व काही ठाऊक असते आणि ज्याचा निर्णय कशातच नसतो. जमिनीच्या वाटण्या, पाणंदीचे तंटे, वारसांच्या नोंदी, पिकांची नुकसानी अशा हजारो प्रकरणांवर त्यांनी स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात टिपण्या लिहिल्या. प्रत्येक टिपणीखाली ‘मान्यतेस्तव सादर’ किंवा ‘योग्य त्या आदेशार्थ सादर’ असे लिहून ती पुढे सरकवली. आणि प्रत्येक वेळी शेवटची, ठसठशीत, अवाचनीय सही दुसऱ्याच कोणीतरी केली. सारी हयात दुसऱ्याच्या सहीसाठी शाई वाळवण्यात गेलेल्या मनुष्याला निवृत्तीनंतर एखादे तरी असे क्षेत्र हवे असते, की जिथे टिपणीही आपली आणि आदेशही आपलाच. काहींना ते नातवंडांमध्ये सापडते, काहींना सोसायटीच्या निवडणुकीत. आबांना ते वाटीत सापडले.

ढाब्यावर त्यांचे आगमन जेवणासाठी होत नसून कामकाजासाठी होते, हे त्यांच्या चालीवरूनच लक्षात येते. इतर गिऱ्हाइके आधी खुर्ची शोधतात. आबा आधी स्थळपाहणी करतात. अलीकडे या रस्त्यावर ‘चुलीवरचे मटण’ या पाट्यांचे पीक आले आहे, आणि त्या पाट्यांची शहानिशा हा आबांच्या कामकाजाचा पहिला टप्पा असतो. दारातच मातीची, गेरूने सारवलेली, पांढऱ्या खडूने नक्षी काढलेली एक चूल धगधगत असते. तिच्यावर एक पितळी पातेले असते. आणि पुण्या-मुंबईची मंडळी त्या पातेल्याशेजारी उभी राहून एकमेकांची छायाचित्रे काढत असतात. आबा त्या चुलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

‘चूल कुठाय?’ ते मालकाला विचारतात.

‘ही काय आबा, दारातच हाय की.’

‘ह्यी दारातली न्हवं. जिच्यावर शिजतंय ती दाव.’

यावर मालक हसतो, वस्ताद एकाएकी कढईत डोकावू लागतो, आणि भिंतीआडच्या दोन सिलिंडरांना पळता येत नसल्यामुळे ते तिथेच उभे राहतात. आबा त्यांच्याकडे एक दृष्टी टाकतात, मुद्देमाल जागेवर मिळाल्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर झळकते, आणि परत फिरताना दारातल्या पातेल्याचे झाकण उचलून, आत केवळ उकळते पाणी असल्याची खातरजमा करून ते म्हणतात, ‘ह्यी चूल न्हाय, चुलीचं स्मारक हाय.’ एवढे झाले तरी ते उठून दुसऱ्या ढाब्यावर जात नाहीत. नोंद झाली, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. कारण कारकुनाला गुन्हेगाराला शिक्षा होण्यापेक्षा गुन्ह्याची नोंद होणे अधिक प्रिय असते.

मग ताट येते. मध्ये ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, तिच्या एका अंगाला सुक्के, दुसऱ्या अंगाला तांबड्या व पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कांदा सुरीने चकत्या करून आला असेल तर तो परत जातो. त्याबद्दल चर्चा होत नाही. साक्षीदार म्हणून समोर बसलेल्या माझ्यासारख्या मनुष्याच्या तोंडाला एव्हाना पाणी सुटलेले असते. परंतु आबांनी पंचनामा पुरा केल्यावाचून घास उचलणे हा न्यायासनाचा अवमान ठरतो, म्हणून आम्ही हात पुढ्यात बांधून बसतो.

प्रथम ते तांबड्या रश्श्याची वाटी किंचित तिरकी करतात आणि वरचा कट कोणत्या गतीने सरकतो ते पाहतात. कट अंगावर रेंगाळत, तालेवार घरच्या सुनेसारखा सावकाश सरकला, तर खोबरे नीट भाजून वाटले आहे. तो घाईने पळाला, तर वरून तेल ओतले आहे. त्यानंतर भाकरीच्या पांढऱ्या कडेवर ते एक थेंब सोडतात आणि थांबतात. थेंबाची कड पिवळसर तांबूस होत भाकरीत मुरली, तर रंग मिरचीचा. ती गुलाबी होऊन एखाद्या चुकीच्या नोंदीसारखी उठून दिसू लागली, तर रंग पुडीतला. मिरची कोणती, हे त्यांना मग विचारावे लागत नाही. ‘रंग ब्याडगीचा, पर जाळ लवंगीचा,’ ते डोळे मिटून सांगतात. आणि उन्हाळ्यात चटणी कांडपावर नेली तेव्हा लसूण कोणी मोजून घातला व कोणी भावाकडे पाहून घातला, इथपर्यंत त्यांचे अनुमान जाते.

प्राशनाचाही क्रम ठरलेला आहे. आधी पांढरा, मग तांबडा. कारण पांढरा रस्सा हा मूळ दस्तऐवज आहे आणि तांबडा ही त्यावरील कार्यवाही. मटण शिजवलेल्या आळणी पाण्याला नारळाचे दूध, तीळ, खसखस आणि खडा मसाला यांची जोड देऊन केलेल्या पांढऱ्या रश्श्यात काहीही लपवता येत नाही. मटण शिळे असेल तर ते तिथेच कबुलीजबाब देते. तांबड्यात मात्र कितीही पापे बुडतात. म्हणून जो ढाबेवाला ‘पांढरा संपला, आबा’ असे म्हणतो, त्याच्याकडे आबा फौजदाराने जामिनावर सुटलेल्या इसमाकडे पाहावे तसे पाहतात. सरतेशेवटी ते नळी उचलतात, ताटाच्या कडेवर दोनदा आपटतात, कान देतात, आणि एका दीर्घ श्वासाबरोबर तिच्या अंतरंगाचा निकाल लावतात. दारातले कुत्रे याच क्षणी उठते.

रक्तदाबामुळे त्यांना तेल आणि मीठ वर्ज्य सांगितलेले आहे. याची आठवण मी एकदा करून दिली, तेव्हा वाटी ओठांपासून न हलवता त्यांनी मला समजावले, ‘कट म्हंजे त्याल न्हवं. कट म्हंजे पुरावा.’

आणि मग सारा ढाबा ज्याची वाट पाहत असतो तो क्षण येतो. मालक गल्ल्यावरून उठून, हात पुसत, टेबलाशी येऊन उभा राहतो. वस्ताद भटारखान्याच्या दारात दिसू लागतो. आबा पाणी पितात, टोपी सारखी करतात, आणि वर्षानुवर्षे या रस्त्यावर ज्याने कोणाचेही समाधान केलेले नाही व तरीही ज्यावाचून कोणाचे चालत नाही, ते वाक्य उच्चारतात: ‘चांगलाय. पण खरा न्हवं.’

खरा रस्सा कुठे मिळतो, हा या प्रकरणातला मूळ मुद्दा आहे, आणि तो आबांच्या भूगोलाचा केंद्रबिंदू आहे. उंब्रजमध्ये बसले असता ते सांगतात की खरा रस्सा कराड ओलांडल्यावर, पाचवड फाट्याच्या अंगाला मिळतो. त्यांना तिथे न्यावे, तर पहिल्या घोटानंतर मान हलवून ते कासेगावचे नाव काढतात. कासेगावात पेठ नाक्याचे, पेठ नाक्यावर किणीचे, आणि किणीला पोचल्यावर ‘एवढं आलायसा तर कोल्हापूर काय लांब हाय?’ असा प्रश्न करतात. एका दिवाळीत काही हौशी मंडळींनी हा तपास तडीस न्यायचा निर्धार केला आणि आबांना थेट कोल्हापुरात, रंकाळ्याच्या वाऱ्यात नेऊन, तांबडा आणि पांढरा दोन्ही त्यांच्यापुढे साग्रसंगीत मांडले. आबा मन लावून जेवले. दोनदा रस्सा मागून घेतला. सर्वांनी श्वास रोखले. आबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘चांगलाय. पर आमच्या उंब्रजला, फाट्यावर, एक होता...’

तो एक, अर्थातच, आता नाही. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा तो त्या रुंदीकरणात गेला, असे आबा सांगतात. त्याचा मालक कोण होता याबद्दल गावात दोन मते आहेत, तो नेमका कुठे होता याबद्दल तीन, आणि तो होता की नाही याबद्दल कुजबुजत्या आवाजातले चौथे. परंतु त्याचा रस्सा मात्र या चारही मतांवर मात करून अजरामर झाला आहे. कारण ज्याचा पत्ता डांबराखाली गाडला गेला आहे, त्याच्या वाटीत आता कोणी पाणी वाढवू शकत नाही. आता त्याच रस्त्याचे सहापदरीकरण चालले आहे, आणि ज्या ज्या ढाब्याचा रस्ता मातीच्या ढिगांनी अडला, त्या त्या ढाब्याविषयी आबांचे मत झपाट्याने सुधारत असल्याचे माझ्या निदर्शनास आले आहे.

नव्या पिढीशी त्यांचा तात्त्विक संघर्ष आहे. त्यांचा एक पुतण्या पुण्यात असतो. तो जेवण होताच मोबाईल काढून ढाब्याला तारे बहाल करतो. एकदा त्याने चार तारे दिले. आबांनी चष्मा लावून ते मोजले आणि विचारले, ‘पाचवा का न्हाय?’ पुतण्या म्हणाला, ‘असंच, काका.’ हे ‘असंच’ आबांच्या जिव्हारी लागले. कारणे न देता आदेश काढणे हा त्यांच्या खात्यातला सर्वांत मोठा प्रमाद. टिपणीवाचून सही म्हणजे अंदाधुंदी. ‘रस्सा खारट, म्हणून कमी, का भाकरी गार, म्हणून कमी, का वाढप्यानं अंगठा बुडवला, म्हणून कमी? कायतरी लिव्हशील का न्हाय?’ असे विचारून त्यांनी पुतण्याला तो तारा तूर्त राखून ठेवायला लावला. तो अद्याप राखूनच आहे.

बिलाचा प्रश्न या न्यायव्यवस्थेत मोठ्या नाजूकपणे सोडवलेला आहे. सरकारी शिरस्ता असा, की साक्षीला बोलावलेल्या इसमाला भत्ता मिळावा. आबांच्या न्यायासनापुढे भत्ता साक्षीदार देतो. बडीशेपेची वाटी येते त्या सुमारास आबांना हटकून कोणीतरी ओळखीचे दिसते, ते हात धुण्याच्या नळापाशी त्याच्याशी जमिनीच्या मोजणीविषयी बोलू लागतात, आणि ते बोलणे बिल चुकते होईपर्यंत संपत नाही. याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. एकट्याने जेवले तर ताट मिळते. आबांबरोबर जेवले तर ताटाचा सातबारा मिळतो, आणि त्यासाठी दस्तुरी द्यायला कोणाचीच हरकत नसते.

हे सारे अधिकार घराच्या उंबऱ्याशी संपुष्टात येतात, हेही नमूद केले पाहिजे. काकूंच्या हातचे जेवण ते खाली मान घालून जेवतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी आमटीबद्दल काही अभिप्राय नोंदवला होता, आणि त्यावर काकूंनी ‘मग जावा की तुमच्या फाट्यावर,’ असा जो आदेश दिला, त्याचीच अंमलबजावणी ते आजतागायत निष्ठेने करीत आहेत, असे म्हणणारा एक पक्ष गावात आहे.

आबांच्या चरित्रातील सर्वांत रोमहर्षक अध्याय मात्र या रस्त्यावर घडलेला नाही. त्यांचा मुलगा अमेरिकेत, टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहरी, संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने आईवडिलांना एका वसंतात तिकडे नेले, आणि हौसेने एकामागून एक भारतीय उपाहारगृहे दाखवली. ‘पातेलं एकच हाय, सह्या फक्त येगळ्या,’ असा तिथल्या तीनरंगी रश्श्यांबद्दल आबांनी अहवाल दिला. तेव्हा त्रासून, आणि थोडेसे सुडापोटी, मुलाने त्यांना एका साध्यासुध्या केजन खानावळीत नेऊन बसवले. पुढील हकीकत मला बाप आणि लेक अशा दोघांकडून स्वतंत्रपणे कळली आहे, आणि दोन्ही जबान्या जुळतात.

टेबलावर पांढरा कागद अंथरलेला होता, आणि शेजारच्या टेबलावर त्या कागदावर उकडलेल्या लालभडक क्रॉफिशची रास, मक्याची कणसे आणि बटाटे यांसह सरळ ओतलेली होती. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा, झिंगा आणि खेकडा यांच्या दरम्यानचा जीव. पत्रावळीवर पंगत वाढलेली पाहून आबांची कळी थोडी खुलली. मुलाने त्यांना या केजन लोकांचा इतिहास सांगितला: कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकेडिया नावाचा प्रांत होता, तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांना इंग्रजांनी १७५५ पासून घरादारातून हुसकून काढले, त्यांतले पुष्कळजण भटकत भटकत लुइझियानाच्या दलदलीत येऊन स्थिरावले, आणि हाताला लागेल ते शिजवू लागले. नदीनाल्यातले झिंगे, शेतातला भात, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी रुजवलेली भेंडी, तिथल्या मूळ रहिवाशांनी दाखवलेली ससाफ्रासच्या पानांची पूड; या साऱ्यांतून त्यांचा गंबो नावाचा रस्सा उभा राहिला.

कोयनेच्या धरणाने उठवलेल्या गावांची कागदपत्रे ज्याने हयातभर हाताळली, त्या मनुष्याला यातले काहीही अपरिचित वाटले नाही. ‘म्हंजे परकल्पग्रस्त म्हण की,’ आबा म्हणाले, आणि क्षणभर थांबून त्यांनी विचारले, ‘पुनर्वसन झालं का नीट?’ मुलाला याचे उत्तर देता आले नाही.

मग ताटे आली. लोखंडी तव्यात भाजलेली मक्याची जाड भाकरी आबांनी मोडून पाहिली आणि ती गोड निघाल्याबद्दल खेद व्यक्त केला. ग्रिट्स नावाचा पांढरा, मऊ पदार्थ समोर येताच मात्र ते चपापले. ‘ह्या तर कण्या!’ ते ओरडले; आणि ज्या कण्या त्यांच्या लहानपणी भाकरीला पीठ पुरत नसलेल्या घरात शिजत, त्या मक्याच्या अवतारात, वर लोणी घालून, डॉलर मोजून खाल्ल्या जात आहेत, या दृश्याने त्यांना मनुष्यजातीच्या प्रगतीविषयी दीर्घ काळ विचारात टाकले.

सरतेशेवटी गंबो आला. मुलाने सॉसेज वगळून कोंबडीचा मागवला होता. आबांनी शिरस्त्याप्रमाणे वाटी तिरकी केली. कट नव्हता. रंग तांबडा नव्हे, पांढरा नव्हे, गडद तपकिरी. वाटण कशाचे, अशी पृच्छा त्यांनी मुलामार्फत वाढप्याकडे केली. तेव्हा त्या तरुणाने, इतके मुद्देसूद प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक बहुधा प्रथमच भेटल्याने, खुर्ची ओढून सविस्तर निवेदन दिले. वाटण नसते, मैदा तेलात परतायचा, आधी बदामी, मग विटकरी, मग जवळजवळ काळा होईपर्यंत, हात क्षणभरही थांबता कामा नये, थांबला तर करपतो, आणि करपला तर सगळा फेकून पहिल्यापासून. हे ऐकून आबांनी सन्मानाने मान डोलावली. खोबरे भाजताना पाठ वळवणाऱ्या वस्तादांविषयी त्यांचे मत हेच होते. टेबलावर तिखट सॉसची बाटली होती. मिरची मुळात याच खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली, असे मुलाने विजयी स्वरात सांगितले. ‘आसंल,’ आबा म्हणाले, ‘जन्म हितला आसंल. पर वळण तिला आपल्यात लागलं.’ एवढे बोलून त्यांनी चमचा बुडवला, आणि तो भेंडीसकट वर आला. रश्श्यात भेंडी! आबांनी डोळे मिटले, गिळली, पाणी प्यायले, टोपी सारखी केली आणि निकाल दिला, ‘चांगलाय. पर खरा न्हवं.’

मुलाने लाजत लाजत त्याचे भाषांतर केले. त्याला वाटले, वाढपी रागावणार. पण तो तरुण मूळचा लुइझियानाचा निघाला. त्याने इकडेतिकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि म्हणाला, ‘अगदी बरोबर आहे. खरा गंबो इथे मिळतच नाही. त्यासाठी सबीन नदी ओलांडून पलीकडे जावे लागते. आणि तिथेही आता कुठे? माझी आजी करायची तो खरा.’

मुलगा सांगतो, की आबा ताडकन उभे राहिले. शेजारच्या टेबलावरचा एक गोरा गृहस्थ त्याच वेळी क्रॉफिशचे डोके मोडून, डोळे मिटून, त्यातला अर्क ओढून घेत होता. त्याच्याकडे आणि वाढप्याकडे आळीपाळीने पाहत आबांनी दोन्ही हात जोडले. ‘आरं, ही आपलीच माणसं हायती,’ ते मुलाला म्हणाले, आणि खिशातले लिंबू काढून त्यांनी त्या तरुणाच्या हातावर ठेवले. त्या संध्याकाळचे बिल आबांनी देऊ केले होते, असे मुलगा शपथेवर सांगतो. जबान्यांमध्ये तफावत आहे ती एवढ्या एका कलमात, कारण आबा ते साफ नाकारतात.

तेव्हापासून त्यांचा भूगोल विस्तारला आहे. फाट्यावरच्या ढाब्यात, उसाच्या ट्रॉल्यांच्या गोंगाटात, ज्याने पुण्यापलीकडचे जग पाहिलेले नाही अशा वाढप्याला ते सांगतात, की ह्यूस्टनचा गंबो काही खरा नव्हे, तो सबीन नदीच्या पल्याड. वाढपी ‘व्हय आबा’ म्हणतो आणि कांदा आणायला जातो.

मी एकदा धीर करून त्यांना विचारले, की इतक्या वर्षांत एकदाही, एकाही वाटीला ‘खरा’ म्हणावे असे वाटले नाही का? आबांनी माझ्याकडे नव्या उमेदवार कारकुनाकडे पाहावे तसे पाहिले. मग ते म्हणाले, की खात्यात त्यांनी एक गोष्ट पाहिली: ज्या प्रकरणाचा निकाल लागतो ते दप्तरखान्यात जाते, फडक्यात बांधले जाते, आणि पुन्हा त्याचे तोंड कोणी पाहत नाही; जे प्रलंबित असते, त्याच्यासाठीच माणसे येतात, बसतात, चहा मागवतात, एकमेकांची ओळख करून घेतात. उद्या त्यांनी एका ढाब्यावर ‘हा खरा’ अशी सही केली, तर बाकीच्या सगळ्या चुली, स्मारके धरून, त्याच रात्री थंड पडतील. मालक मग हात पुसत टेबलाशी येणार नाही, वस्ताद दारात डोकावणार नाही, आणि त्या एका खऱ्या ढाब्यालाही दुसऱ्या दिवसापासून पाणी वाढवायला मोकळीक मिळेल. सबब, सर्व बाजूंचा साकल्याने विचार करता, निकाल न देणे हेच लोकहिताचे होय. म्हणून आबा निकाल देत नाहीत, तारीख देतात. आणि पुढची तारीख, देवांची वहिवाट सांभाळून, येत्या बुधवारची असते.